तारेत ओवलेली कार्डे : वऱ्हाडातील कौटुंबिक इतिहास आणि जुन्या पोस्टकार्डांचा आंतरजालावरील बाजार

प्रस्तावना

वऱ्हाडातील जुन्या घरांत, मग तो देशमुखांचा वाडा असो की चार खणांचे धाब्याचे घर, ओसरीवरच्या खुंटीला एक जाड तार लोंबकळत असे. तिच्या तळाशी लाकडाची चकती आणि वरचे टोक आकड्यासारखे वळवून अणकुचीदार केलेले. टपालाने आलेले कार्ड घरात मोठ्याने वाचले जाई आणि मग त्या टोकात खुपसून खाली सरकवले जाई. सर्वांत जुने कार्ड तळाशी, ताजे वर. या व्यवस्थेला कोणी दप्तर म्हटले नाही. परंतु कागद एकाच जागी असणे, आले त्या क्रमाने असणे आणि मधले न गळणे या कसोट्या लावल्या तर ते दप्तरच होते.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, बार्शीटाकळी परिसरात, अशी एक तार होती. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांडी, अवजारे आणि देव्हाऱ्यातले टाक यांचे हिस्से पडले. तारेवरची कार्डे मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाहीत. ती रद्दीत गेली. त्यांतील एखादे तरी कोठे सापडेल, या काहीशा वेड्या आशेने लेखकाने आंतरजालावरील जुन्या टपालाच्या बाजारात शोध सुरू केला. घरचे कार्ड मिळाले नाही. दुसऱ्यांच्या घरांतील कार्डे मात्र पुष्कळ पाहावयास मिळाली आणि त्यांतून संशोधनपद्धतीचा एक प्रश्न उभा राहिला. घरापासून तुटलेले, तारेवरून उतरवलेले आणि अनोळखी विक्रेत्याकडून विकत घेतलेले सुटे कार्ड कौटुंबिक इतिहासाचे साधन ठरू शकते काय? ठरू शकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु त्यासाठी बाजार ज्याला त्या कार्डाचा दोष समजतो, तेच आधी वाचावे लागते.

पाव आण्याचे कार्ड

जगातील पहिले पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून विकले जाऊ लागले. किंमत पाव आणा. त्या वेळी साध्या लिफाफ्यास किमान अर्धा आणा पडत असल्याने कार्डाने पत्रव्यवहाराचा खर्च निम्म्यावर आणला. १९२२ साली कार्डाचा दर दुप्पट, म्हणजे अर्धा आणा झाला. १९५७ साली दशमान नाणेपद्धती आल्यावर तो पाच नव्या पैशांवर आला. आज साध्या कार्डास पन्नास पैसे पडतात आणि सुटे पन्नास पैसे कोणाच्या खिशात नसतात, हा भाग वेगळा.

ही दरवाढ संशोधकाच्या कामाची आहे. कार्डावर छापलेल्या मुद्रेवरून केवळ 'याच्या आधीचे नाही' एवढेच सांगता येते. घरात शिल्लक राहिलेले जुने कार्ड लोक पुढे वापरीत. दर वाढला असल्यास वर जास्तीचे तिकीट चिकटवीत. पाव आण्याच्या कार्डावर असे जादा तिकीट दिसले, तर ते १९२२ च्या दरवाढीनंतरचे असण्याचा संभव मोठा असतो. काटकसरी घरांत जुनी कार्डे पुष्कळ दिवस पुरत, त्यामुळे राणीच्या किंवा राजाच्या चेहऱ्यावरून पत्राचा काळ ठरविणे ही नवशिक्या संग्राहकाची नेहमीची चूक होय.

एका घराचे बदलते पत्ते

बार्शीटाकळी हे अकोल्याच्या दक्षिणेस असलेले जुने गाव. तेथील प्राचीन देवालयातील शके १०९८ चा शिलालेख अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोचला आणि अकोला त्या मार्गावर आले. बार्शीटाकळीस मात्र आगगाडी स्वातंत्र्यानंतर, अकोला-हिंगोली मार्ग झाल्यावरच दिसली. तोपर्यंत गावचे टपाल अकोल्याहून सडकेने येई. कार्डावर दोन शिक्के असल्यास, एक सुटल्याचा आणि एक पोचल्याचा, त्यांतील दिवसांचे अंतर मोजून त्या काळच्या दळणवळणाची कल्पना करता येते. लिहिणारा 'तब्येत फार बिघडली आहे, निघून यावे' असे लिहितो तेव्हा हे अंतर केवळ टपालखात्याच्या इतिहासाचा विषय राहत नाही.

त्याहून बोलका असतो पत्ता. घर तेच, ओसरी तीच, पण त्याच्या पत्त्याची शेवटची ओळ सत्तर वर्षांत अनेकदा बदलली. १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला हा मुलूख १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला. तेव्हापासून पत्त्यात 'मध्यप्रांत व वऱ्हाड' आले. १९५० साली मध्य प्रदेश, १९५६ साली मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला आणि अकोल्याकडील पत्त्यांस ४४४ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक लागू लागला. ही योजना आखणारे टपालखात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवीही होते, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते. पत्त्यातील जिल्ह्याचे नावही असेच तपासावे. वाशीम, तेव्हाचे बाशीम, हा स्वतंत्र जिल्हा १९०५ साली मोडून बराचसा भाग अकोल्यात घातला गेला व १९९८ साली तो पुन्हा वेगळा झाला. म्हणून 'जिल्हा बाशीम' असा पत्ता असलेले पाव आण्याचे कार्ड बहुधा १९०५ पूर्वीचे असते. 'बहुधा' एवढ्यासाठी की सरकारी आदेश आणि लोकांची सवय यांची गाठ लगेच पडत नाही. नवे राज्य होऊनही जुना पत्ता लिहिणारे सोयरे प्रत्येक घराला असतात.

मजकुरातील मितीही शिक्क्याशी ताडून पाहावी लागते. मराठी पत्रांत शके आढळतो. त्यात चैत्रापासून डिसेंबर अखेरपर्यंत ७८ आणि पुढे फाल्गुनापर्यंत ७९ मिळवून इसवी सन काढावा. मारवाडी पेढ्यांच्या कार्डांवर विक्रम संवत असतो आणि तो चैत्रादी की कार्तिकादी हे पाहावे लागते. बार्शीटाकळीत मुस्लिम वस्ती मोठी असल्याने तेथील कार्डांचा विचार करताना उर्दू मजकूर आणि हिजरी तारीखही गृहीत धरली पाहिजे. पत्ता एका लिपीत आणि मजकूर दुसऱ्या लिपीत, असेही घडते. मराठी कार्डांपैकी जुनी कार्डे मोडीत असण्याचा संभव असतो, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळेतून मोडी गेल्यानंतर आपल्या आजोबांचे अक्षर आपल्यालाच वाचता न येणारी पिढी तयार झाली. आपले बहुतेक प्राध्यापकबंधू याच पिढीतील आहेत, प्रस्तुत लेखकही.

मायना, माहेर आणि मरण

कुलवृत्तांत हा मराठीतील कौटुंबिक इतिहासाचा परिचित प्रकार. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी असे ग्रंथ सिद्ध केले. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या आणि भाटांच्या पोथ्या ही त्याआधीची साधने. या सर्वांत वंश पुरुषापासून पुरुषाकडे जातो. स्त्री येते ती कोणाची तरी पत्नी म्हणून, पुष्कळदा सासरी बदललेल्या नावाने. तिच्या माहेराचा उल्लेख एका ओळीत संपतो. पोस्टकार्डाचा प्रवास नेमका उलट असतो. एकाच घरात राहणारे बाप-लेक एकमेकांना कार्ड लिहीत नाहीत. कार्ड जाते ते सासरहून माहेरी, मामाकडून भाच्याकडे, विहिणीकडून विहिणीकडे. वंशावळ घराची उभी बाजू दाखविते, तर कार्डे सोयरिकीची आडवी बाजू दाखवितात. बार्शीटाकळीच्या घराला पातूर, बाळापूर, मंगरूळपीर, कारंजा, मूर्तिजापूर या गावांशी कोणत्या नात्याने बांधले होते, हे वंशवृक्षात दिसत नाही. कार्डांच्या शिक्क्यांची यादी केली तर दिसू लागते.

नाते सांगतो तो मायना. 'तीर्थरूप' आणि 'तीर्थस्वरूप', 'चिरंजीव', 'राजमान्य राजश्री', साष्टांग नमस्कार की अनेक आशीर्वाद, यांवरून लिहिणाऱ्याचे वय, मान आणि नात्याची पायरी ताडता येते. पत्ता पुरुषाच्या नावे असला तरी मजकुरात बहिणीला माहेरच्या नावाने हाक मारलेली असू शकते. अशा एका हाकेने सासरच्या नावाआड हरवलेली मुलगी वंशवृक्षात परत येते. नावाआधीच्या 'सौ.' चे एखाद्या कार्डात 'गं. भा.' झालेले दिसले, तर त्या दोन कार्डांच्या दरम्यान घरात काय घडले हे निराळे सांगावे लागत नाही. 'ती.' च्या जागी 'कै.' आले की तसेच.

या खुणांचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. मृत्यूची वार्ता देणारे कार्ड कोपरा फाडून पाठविण्याची रीत होती. ते घरात नेत नसत. बाहेरच वाचून फाडून टाकीत आणि स्नानास जात. म्हणजे घराण्याच्या इतिहासकाराला ज्या तारखा सर्वांत आधी हव्या असतात, त्यांची कार्डे रीतीनेच नष्ट केली जात. लग्नाचे, बारशाचे, पिकापाण्याचे, कर्जाच्या हप्त्याचे कार्ड तारेवर चढे; मरणाचे चढत नसे. तारेवरचा संग्रह कितीही अखंड असला तरी त्यात ही एक ठरवून ठेवलेली पोकळी असते. त्यामुळे 'अमुक वर्षांत कोणाच्या मृत्यूचा उल्लेख नाही' यावरून काहीही सिद्ध होत नाही. मृत्यू शोधायचा तो पुढच्या कार्डाच्या मायन्यात.

लिहिणारा आणि पाठविणारा एकच असतो, असेही धरून चालू नये. साक्षरता मोजक्या घरांत असताना कार्ड गावच्या मास्तरांकडून, कुलकर्ण्याकडून किंवा शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घेतले जाई. कधी शेवटी 'पत्र लिहिणाराचा नमस्कार वाचावा' अशी ओळ असते. तिथे अक्षर एकाचे, आवाज दुसऱ्याचा. शिवाय कार्ड उघडे असल्याने पोस्टमन, मास्तर, शेजारी यांच्या नजरेखालून जाणार हे लिहिविणाऱ्यास ठाऊक असे. 'बाकी समक्ष भेटीत' या ठरावीक वाक्यात पुष्कळ काही दडवलेले असे. तरीही ज्यांचा कुलवृत्तांत कधी लिहिला गेला नाही अशा कुणबी, माळी, बारी, मोमीन घरांपर्यंत जो एक लिखित कागद पोचला, तो पाव आण्याचा असल्यामुळे पोचला. ही बाब आपल्या इतिहासलेखनाने पुरेशी मनावर घेतलेली नाही.

पडद्यावरचे रद्दीचे दुकान

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून बस्ते मिळविले आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. वऱ्हाडात यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ साली निघाला. या पिढीला कागद मिळे तो घरातून, मालकाच्या हातून, आणि त्यासोबत 'हा कोणाचा, कोठून आला' हेही कळे. आजचा शोधक घराच्या उंबऱ्याशी जात नाही. कागद रद्दीवाल्याकडून मध्यस्थाकडे, तेथून संग्राहकाकडे आणि तेथून पडद्यावर येतो. प्रत्येक टप्प्यावर एकेक माहिती गळते.

भारतात ईबे या कंपनीने २००४ साली बाझी हे संकेतस्थळ विकत घेऊन जम बसविला होता. ते भारतीय दुकान २०१८ मध्ये बंद झाले. आता ईबेची परदेशी संकेतस्थळे, बेल्जियममधील डेलकॅम्प आणि समाजमाध्यमांवरील विक्रीचे गट यांवर हा व्यवहार चालतो. येथे शोध घेताना पहिली अडचण नावाची. १९१० च्या अकोला जिल्हा गॅझेटिअरमध्ये गावाचे नाव 'बार्सी टाकली' असे दोन शब्दांत येते. विक्रेता त्यातील कोणता शब्द नोंदवील याचा भरवसा नसतो. नुसते 'बार्सी' शोधले की सोलापूर जिल्ह्यातील बार्शी समोर येते आणि १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे चाहते जगभर असल्याने आपले गाव त्या गर्दीत बुडून जाते. नुसते 'टाकळी' शोधावे, तर महाराष्ट्रात टाकळ्या किती! अचलपूरसाठी एलिचपूर, अमरावतीसाठी उमरावती, वाशीमसाठी बाशीम अशी जुनी रूपे रोमन लिपीत निरनिराळ्या वर्णविन्यासांनी घालून पाहावी लागतात. पुष्कळदा गावाऐवजी 'वऱ्हाड' किंवा 'मध्यप्रांत' या नावाने शोधून शिक्के डोळ्यांनी तपासणे अधिक फलदायी ठरते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. विक्रेता दाखवितो ती कार्डाची मुद्रेची व शिक्क्याची बाजू, कारण टपाल-संग्राहक त्यासाठी पैसे मोजतो. मजकुराची बाजू पुष्कळदा दाखविलीच जात नाही, दाखविली तरी 'देशी भाषेतील मजकूर' एवढीच तिची नोंद. मागील बाजूचे छायाचित्र मागून घेणे हा पहिला नियम. चित्रकार्डांची गोष्ट वेगळी. मुंबईचे प्रकाशक, रविवर्मा छापखान्याची देवदेवतांची चित्रे, म. वि. धुरंधरांनी रेखाटलेली मुंबईतील माणसे, यांना मोठा भाव येतो आणि ओमर खान यांनी 'पेपर ज्वेल्स' (२०१८) या ग्रंथात त्या परंपरेचा सविस्तर मागोवा घेतला आहे. परंतु ही कार्डे मुख्यतः साहेबांनी, मिशनऱ्यांनी आणि प्रवाशांनी मायदेशी पाठविली व तेथल्या आल्बमांत जपली गेली. परदेशी बाजारात त्यांचा भरणा असणे स्वाभाविक आहे. त्यांवरून वऱ्हाडातील घरांचा इतिहास लिहू गेल्यास तो वऱ्हाडाकडे पाहणाऱ्यांचा इतिहास होईल.

तिसरी गोष्ट छिद्राची. देशी कार्डाच्या वर्णनात 'मध्यभागी छिद्र, स्थिती सामान्य' असे लिहिलेले असते आणि किंमत त्या मानाने उतरलेली असते. ते छिद्र म्हणजे तारेची खूण. न वापरलेल्या किंवा संग्राहकाने आल्बमात ठेवलेल्या कार्डास ते नसते. हे कार्ड खरोखर एका घरात किंवा पेढीवर पोचले, वाचले गेले आणि ठेवण्याजोगे वाटले, याचा तो पुरावा आहे. एकाच विक्रेत्याकडे एकाच आकाराचे छिद्र, त्याच जागी, तोच गंज असलेली कार्डे निरनिराळ्या क्रमांकांखाली विक्रीस दिसली, तर ती एकाच तारेवरची असण्याची शक्यता तपासावी. विक्रेता गठ्ठा फोडून एकेक कार्ड विकतो, कारण तसा पैसा जास्त मिळतो. आणि कार्डे एकदा निरनिराळ्या देशांत गेली की ती तार पुन्हा ओवता येत नाही. निदान त्यांची दोन्ही बाजूंची चित्रे, विक्रेत्याने दिलेला क्रमांक आणि विक्रीची तारीख तरी त्याच दिवशी उतरवून ठेवावी. विकत घेण्याची ऐपत नसतानाही एवढे करता येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कार्ड विकत घेतल्याने त्यातील मजकुराचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार तो लिहिणाऱ्याकडे व पुढे वारसांकडे राहतो. कायद्याहून नाजूक प्रश्न नावांचा आहे. कर्ज, सोडचिठ्ठी, वेड, पळून जाणे, अशा गोष्टींचे उल्लेख कार्डांत असतात आणि त्यांची नातवंडे आज त्याच गावात राहतात. अशी कार्डे अभ्यासताना नावे झाकून ठेवणे आणि शक्य असल्यास कागद प्रथम त्या घराला दाखविणे, हे लेखकाला रास्त वाटते. काही घरे तो कागद परत मागतील. तो द्यावा लागेल. चित्र आपल्याकडे ठेवू द्या, एवढी विनंती करावी.

खरे पाहता सर्वांत स्वस्त बाजार अजूनही तालुक्यातच आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी वाटण्या किंवा वाड्याची पाडापाडी चालू आहे, त्याने रद्दी तोलली जाण्यापूर्वी ती तार खुंटीवरून तशीच, ओवलेल्या क्रमासह उतरवून महाविद्यालयात आणावी. इतिहास विभागाने कार्डे तारेवरून काढण्यापूर्वी वरून खाली क्रमांक घालावेत. यास अनुदान लागत नाही. एक शिसपेन्सिल लागते. मोडी वाचणारा हवा असल्यास राज्याच्या पुराभिलेख विभागामार्फत चालणारे मोडीचे प्रशिक्षण उपलब्ध आहे. आंतरजालावर शोध घ्यावा तो त्यानंतर, रिकाम्या जागा भरण्यासाठी.

जवाबी कार्ड

एका प्रकारच्या कार्डाबद्दल लिहिणे राहिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टपालखाते जोडकार्ड विकत असे. एका भागावर मजकूर लिहायचा, दुसरा कोरा भाग उत्तरासाठी. त्याचेही टपालमूल्य आधीच भरलेले. मिळणाऱ्याने आपला भाग लिहून, फाडून परत पाठवायचा. ज्याला उत्तराची निकड असे, आणि समोरच्याकडे पाव आणाही नसेल अशी शंका असे, तो हे कार्ड घेई. सासरी दिलेल्या मुलीला बापाने, परगावी कामाला गेलेल्या मुलाला आईने लिहविलेले असे कार्ड आज विक्रीस येते तेव्हा त्यातील बहुतेकांचा एकच भाग उरलेला असतो. क्वचित दोन्ही भाग एकमेकांना जोडलेले मिळतात, पहिला लिहिलेला, दुसरा कोराच. संग्राहकांच्या यादीत अशा जोडीस 'उत्तराचा भाग न वापरलेला, उत्तम स्थिती' असे म्हणतात आणि तिची किंमत सर्वांत जास्त असते.